वरळीला आमची कबड्डी परत आणा: प्रो कबड्डी लीगच्या संयोजकांना खुलं पत्र

प्रति,
प्रो कबड्डी लीगचे संयोजक आणि बाराही संघांचे मालक

स. न. वि. वि.

मी डिलाइल रोडला वाढलो. संध्याकाळी श्रमिक जिमखान्याच्या मैदानावर पाणी मारलं की मातीचा वास सुटायचा आणि चाळीतली पोरं अभ्यास टाकून तिकडे धावायची. बाबा गिरणीत होते आणि मंडळाकडून डावा कोपरा सांभाळायचे. 26 जुलै 2014 रोजी वरळीच्या स्टेडियमात आपल्या लीगचा पहिला सामना झाला, यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. त्या रात्री मी बाबांना घेऊन गेलो होतो. ती मॅट, ते दिवे, मोठ्या आवाजातली गाणी पाहून ते आधी बावरले. मग मुंबाचा कर्णधार अनुप कुमार चढाईला गेला. कसली घाई नाही, पाय जमिनीला धरून, बचावपटूच्या डोळ्यांत बघत बोनस घेऊन परत. बाबा खुर्चीच्या टोकाला सरकले ते सामना संपेपर्यंत तसेच बसले. मुंबानं 45-31 असा विजय मिळवला. बाहेर पडताना ते म्हणाले, "आपलाच खेळ आहे रे. कपडे तेवढे नवे."

त्या वाक्यातल्या 'आपला' या शब्दासाठी हे पत्र लिहितो आहे.

बाराव्या हंगामात आपण सगळे सामने चार शहरांत घेतले: विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली. यू मुंबा आणि पुनेरी पलटण हे महाराष्ट्राचे दोन संघ लीगमध्ये आहेत, पण त्या हंगामातला एकही सामना महाराष्ट्रात झाला नाही. पुण्याच्या बालेवाडीनं निदान अकराव्या हंगामात डिसेंबर 2024 मधला अखेरचा टप्पा आणि अंतिम सामना पाहिला. मुंबईनं आपल्या संघाला घरच्या मॅटवर शेवटचं पाहिलं ते जानेवारी 2024 मध्ये, दहाव्या हंगामात. आणि त्याच बाराव्या हंगामाचा खेळाडूंचा लिलाव 31 मे आणि 1 जून 2025 रोजी झाला तो मुंबईत. खेळाडूंच्या बोली आमच्या शहरात लागल्या, पण ते खेळले दुसरीकडे. हे आमच्या मनाला फार लागलं आहे.

आमच्या घरात कबड्डीवरून वाद होतात. माझा मेहुणा पुण्याचा, पुनेरी पलटणचा कट्टर माणूस. दिवाळीत, लग्नात, अगदी बाराव्याच्या जेवणाच्या पंगतीतही आमचं जुंपलेलं आहे. "दाजी, तुमचा एकच करंडक, तोही 2015 चा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्यावर मी त्याला सांगतो की पहिल्या तिन्ही हंगामांत आम्ही अंतिम फेरीत होतो, तेव्हा तुमची पलटण कुठे होती? मग तो 1 मार्च 2024 काढतो, हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सना 28-25 असं हरवल्याची रात्र. हे असं तासभर चालतं आणि बायको ताटं उचलून नेते तरी थांबत नाही. एकदा मात्र आम्ही दोघं एकाच बाजूला होतो. डिसेंबर 2022 मध्ये नवव्या हंगामाचा अंतिम सामना मुंबईत झाला, पलटण विरुद्ध जयपूर. त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा मी पलटणसाठी घसा बसेपर्यंत ओरडलो. जयपूर 33-29 जिंकलं आणि आम्ही दोघं एकमेकांशी न बोलता हाजी अलीपर्यंत चालत गेलो.

या वादांतून एक प्रश्न पुन्हा पुन्हा वर येतो, तो आपल्यापुढे ठेवतो. लीगमध्ये सगळे संघ तुल्यबळ असावेत आणि संघ आपल्या गावाचा असावा, या दोन्ही गोष्टी प्रेक्षकाला एकाच वेळी हव्या असतात. त्यातली पहिली आपण उत्तम साधलीत. दुसरी हातातून निसटते आहे.

पहिलीचं श्रेय आधी देतो, कारण ते आपल्याला मनापासून द्यायला हवं. बारा हंगामांत आठ वेगवेगळे विजेते झाले. पाटणानं लागोपाठ तीन करंडक उचलले, जयपूर आणि दिल्लीनं दोन-दोन, आणि मुंबई, बंगळूर, बंगाल, पुणे, हरियाणा यांनी एकेक. आयपीएलमध्येही 2025 पर्यंतच्या अठरा हंगामांत विजेते आठच, पण त्यातले दहा करंडक मुंबई इंडियन्स आणि चेन्नई सुपर किंग्ज या दोघांकडे. कबड्डीत हे झालं नाही, कारण प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायची मर्यादा सारखीच आहे. अलीकडच्या हंगामांत ती 5 कोटी रुपये होती. श्रीमंत मालक असला तरी सगळे चढाईपटू एकाच घरात नेऊन बांधू शकत नाही. पैसा ओतून करंडक मिळेलच असंही नाही. 2023 च्या लिलावात तेलुगू टायटन्सनी पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाख 50 हजार मोजले, म्हणजे निम्म्याहून जास्त पुंजी एका माणसावर. पवननं जीव तोडून चढाया केल्या, पण टायटन्स त्या हंगामात तळाला राहिले. सात जणांचा खेळ आहे हा, आणि आपल्या नियमांनी ते सिद्ध केलं.

ही मर्यादा नसती तर काय होतं ते जर्मनीच्या फुटबॉलमध्ये दिसतं. तिथे क्लबच्या मताधिकाराचा निम्म्याहून मोठा वाटा सभासदांच्या हाती ठेवण्याचा नियम आहे. संघ खरोखर गावाचा, माणसांचा. तरीही बायर्न म्युनिकनं 2013 पासून 2023 पर्यंत सलग अकरा वेळा बुंडेसलिगा जिंकली. गावाशी नातं घट्ट, पण जेतेपद कुणाचं ते आधीच ठाऊक. मला तसली लीग नको आहे. मेहुण्यालाही नको. त्यामुळे खर्चाची मर्यादा उठवा असं आम्ही कधीही म्हणणार नाही.

पण ज्या लिलावानं समतोल आणला, त्याच लिलावानं दर थोड्या वर्षांनी संघ मुळासकट उपटले जातात, आणि त्याची किंमत प्रेक्षक मोजतो. मोहम्मदरेझा शादलूचं उदाहरण घ्या. इराणचा हा कोपरारक्षक 2023 मध्ये पुण्यानं 2 कोटी 35 लाखांना घेतला. दहाव्या हंगामात त्यानं पकडींचे 99 गुण मिळवले आणि पलटणला पहिला करंडक मिळवून दिला. माझा मेहुणा देवघरात त्याचा फोटो लावायचा बाकी होता. त्यानंतरच्या लिलावात शादलू 2 कोटी 7 लाखांना हरियाणाकडे गेला. 29 डिसेंबर 2024 रोजी अंतिम सामना होता बालेवाडीत. पलटण आठव्या क्रमांकावर राहून आधीच बाद झाली होती, पण तिकीट काढलेलं होतं म्हणून मेहुणा गेला, मीही गेलो. हरियाणानं पाटणाला 32-23 हरवलं. दहा महिन्यांपूर्वी ज्यानं पुण्याला करंडक मिळवून दिला होता, त्यानं पुण्याच्याच मॅटवर दुसऱ्या रंगाच्या जर्सीत करंडक उचलला. मेहुण्यानं टाळ्या वाजवल्या. खूप वाजवल्या. मग खाली बसला आणि म्हणाला, "दाजी, मी नक्की कुणाचा आहे?" त्यानंतर शादलू 2 कोटी 23 लाखांना गुजरातकडे गेला. तीन हंगाम, तीन शहरं.

यात शादलूची काही चूक नाही. खेळाडूचं आयुष्य छोटं असतं, गुडघा एका पकडीत जातो. 2022 मध्ये तमिळ थलायवाजनी 2 कोटी 26 लाख 50 हजारांना घेतलेला पवन पहिल्याच सामन्यात जखमी झाला आणि त्याचा अख्खा हंगाम गेला. खेळाडूनं मिळेल तेव्हा मोबदला घ्यावा हेच योग्य. प्रश्न आहे तो नियमांचा, की संघ आणि गाव यांच्यात धागा राहील अशी काही जागा त्यांत आहे का.

आमचं दुःख तर त्याहून जुनं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई सहाव्या हंगामात यू मुंबाकडून पहिल्यांदा उतरला. उंचापुरा, धिप्पाड, पकडायला तिघं आले तरी मध्यरेषेकडे ओढत नेणारा. त्या एका हंगामात त्यानं चढायांचे 218 गुण मिळवले. मुंबईत कोल्हापूरकर कमी नाहीत, आणि वरळीला त्याच्या नावाचा गजर व्हायचा तो पूर्ण मराठी गजर असायचा. पुढच्याच लिलावात तो 1 कोटी 45 लाखांना टायटन्सकडे गेला. ज्या संघानं त्याला पहिली संधी दिली, त्या संघाला तो टिकवायचा तर खुल्या बाजाराच्याच भावानं टिकवावा लागणार होता. घडवल्याची काही सवलत नाही.

आणि कुणी असं समजू नये की आम्हाला फक्त मराठी आडनावं हवी आहेत. अनुप कुमार हरियाणाचा. पण तो पहिले पाच हंगाम मुंबाचा कर्णधार राहिला आणि लालबाग-परळच्या पोरांनी त्याची संयमी चढाई आपल्या मैदानांवर उतरवली. माणूस पाच वर्षं राहिला की आपला होतो, जन्म कुठला हे कुणी विचारत नाही. पुण्याच्या करंडकामागेही हेच होतं. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याचा अस्लम इनामदार, नाशिकचा आकाश शिंदे, मोहित गोयत, पंकज मोहिते ही पोरं एकत्र वाढली, एकमेकांची पावलं ओळखू लागली, आणि मग शादलू आल्यावर भिंत पुरी झाली. आपणच नव्या तरुण खेळाडूंना काही हंगाम राखून ठेवायची तरतूद केलीत, तिचं हे फळ. ती तरतूद आणखी थोडी पुढे न्या एवढंच म्हणणं आहे.

माझी सूचना अशी. ज्या संघानं एखाद्या खेळाडूला लीगमधला पहिला हंगाम दिला, त्यानं लिलावात त्या खेळाडूवर लागलेली शेवटची बोली स्वीकारून त्याला परत घेतलं, तर खेळाडूला पूर्ण रक्कम मिळावी, पण 5 कोटींच्या मर्यादेत त्यातली अर्धीच धरावी. खेळाडूचं नुकसान नाही. मर्यादा सगळ्यांना तीच. फायदा होईल तो पोरं घडवणाऱ्याचा. दुसरी गोष्ट फुटबॉलकडून घेण्यासारखी आहे. तिथे खेळाडू मोबदला देऊन एका क्लबमधून दुसऱ्याकडे जातो तेव्हा त्या रकमेतला 5 टक्के वाटा त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षांपर्यंत घडवणाऱ्या क्लबांना जातो. आपल्याकडे हा वाटा खेळाडूच्या गावच्या मंडळाला द्या. 1 कोटी 45 लाखांचे 5 टक्के म्हणजे 7 लाख 25 हजार. चंदगडसारख्या तालुक्यातल्या मंडळाला एवढे पैसे मिळाले तर पोरांचा खुराक, बूट, स्पर्धेचा प्रवास, सगळं वर्षभर निघतं. ज्या मंडळांनी हा खेळ जगवला त्यांनी वर्गणी काढूनच जगवला, हे आपल्यालाही माहीत आहे.

गावाशी नातं तुटलं की काय होतं ते गोव्यानं बघितलं आहे. धेंपो क्लबनं पाच वेळा राष्ट्रीय फुटबॉल लीग (पुढे तिचीच आय-लीग झाली) जिंकली, साळगावकरनं जिंकली. त्या काळी गोव्यातली माणसं ऑफिसातून थेट फातोर्ड्याच्या स्टेडियमला जायची. मग इंडियन सुपर लीग ही नवी लीग आली, वरच्या स्तरावर मालकी हक्क विकत घेतलेले संघ आले, आणि 2016 मध्ये धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. एफसी गोवा हा चांगला संघ आहे, त्यालाही प्रेक्षक आहेत. पण पिढ्यान्पिढ्यांच्या ज्या निष्ठा होत्या त्यांना खेळायला मैदानच उरलं नाही. धेंपोला राष्ट्रीय पातळीवर परतायला किती वर्षं गेली! कबड्डीत ही वेळ आणू नका. आपली कबड्डी अजून मंडळांवर उभी आहे, विजय क्लब, अंकुर, जय भारत यांच्यावर, आणि सांगली-कोल्हापूर-रत्नागिरीच्या शेकडो मंडळांवर.

आता मूळ तक्रारीकडे येतो. घरच्या मैदानाचा मुद्दा फक्त भावनेचा नाही, समतोलाचाही आहे. बारा संघ आणि चार शहरं, म्हणजे काही संघांना आपल्या माणसांसमोर खेळायला मिळालं आणि बाकीच्यांना पूर्ण हंगामात एकदाही नाही. खेळाडूंवरचा खर्च रुपयापर्यंत सारखा ठेवायचा आणि घर मात्र काहींनाच द्यायचं, हे तराजूच्या एका पारड्यात बसत नाही. 31 ऑक्टोबर 2025 रोजी अंतिम सामना झाला तो दिल्लीत, दबंग दिल्ली विरुद्ध पुनेरी पलटण. दिल्ली 31-28 जिंकली. तीन गुण. दिल्ली तो हंगामभर अप्रतिम खेळली आणि तिचा विजय तिच्या ताकदीचा होता, हे मी पुण्याच्या मेहुण्यासमोरही कबूल केलं. घरच्या प्रेक्षकांमुळे सामना आपोआप जिंकता येत नाही. चेन्नईत खेळूनही थलायवाज पहिल्या आठांत आले नाहीत आणि अकराव्या हंगामात पुण्यात खेळूनही पलटण बाद झाली. तरीही शेवटच्या दोन मिनिटांत, 'करो या मरो'च्या तिसऱ्या चढाईत, प्रेक्षागृह चढाईपटूच्या बाजूनं श्वास रोखतं तेव्हा त्याच्या पायात काहीतरी येतं. हे मी मंडळाच्या मैदानावर शंभर वेळा पाहिलं आहे. निदान साखळीत तरी ते प्रत्येकाच्या वाट्याला यावं.

मला खर्च कळतो. दहाव्या हंगामात आपण बाराही शहरांत गेलात, तेव्हा मॅट, प्रक्षेपणाची यंत्रणा, चोवीस तास प्रवासात असलेले खेळाडू, हे सगळं किती अवघड होतं हे दिसत होतं. आठवड्याला शहर बदललं की दुखापती भरून यायला वेळ मिळत नाही, हेही खरं. म्हणून बारा शहरं मागत नाही. पाच मागतो. मुंबई आणि पुणे एका टप्प्यात, आलटून पालटून. दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश एका. पाटणा आणि कोलकाता एका. तेलुगू, तमिळ आणि बंगळूर एका. जयपूर आणि गुजरात एका. झाले बारा संघ. गेल्या वेळेपेक्षा फक्त एक शहर जास्त, आणि कुठल्याच संघाचा प्रेक्षक घरापासून फार दूर राहत नाही. एक वर्ष टप्पा वरळीला झाला तर मेहुणा सकाळच्या डेक्कन क्वीननं येईल. पुढच्या वर्षी बालेवाडीला झाला तर मी जाईन.

जाता जाता गुणतक्त्यातल्या गुणांबद्दल बोलतो, कारण तेही समतोलाचंच आहे. पूर्वी जिंकलं की 5, बरोबरी झाली की दोघांना 3-3, आणि 7 किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकानं हरलं तरी 1 मिळायचा. बाराव्या हंगामात जिंकल्यावर 2, हरल्यावर काही नाही, आणि बरोबरी सोडवायला पाच-पाच चढाया. बरोबरीचा निकाल लावणं मला आवडलं, प्रेक्षक पोट भरून घरी जातो. पण हरताना मिळणारा तो एक गुण काढायला नको होता. तीन मिनिटं उरली आहेत, संघ दहा गुणांनी मागे आहे, लोण पडलेला आहे म्हणजे अख्खा संघ बाद झालेला आहे, सामना गेल्यात जमा आहे. अशा वेळी तो एक गुण सात जणांना मॅटवर उभं ठेवायचा. फरक सातवर आणण्यासाठी शेवटच्या चढाईत अंगावर झेप घेणारा बचावपटू मी पाहिलेला आहे, आणि हरूनही त्याला उचलून घेणारे सहकारीही. दुबळ्या संघाला तो गुण तक्त्यात जिवंत ठेवायचा. तो परत आणा.

15 जुलै हा बुवा साळवींचा जन्मदिवस, महाराष्ट्र तो कबड्डी दिन म्हणून साजरा करतो. ज्या माणसानं या खेळासाठी आयुष्य वेचलं, त्याच्या राज्यातल्या मंडळांत त्या दिवशी मैदानाला नारळ फुटतो, मध्यरेषेवर फुलं वाहिली जातात. पुढचं वेळापत्रक ठरवताना त्यात महाराष्ट्राचं एक तरी शहर असू द्या.

बाबा आता 78 वर्षांचे आहेत. गुडघे साथ देत नाहीत, पण सामना लावला की डावा हात अजून कोपरा धरल्यासारखा पुढे येतो. मोबाइलवर बघताना ते विचारतात, "वरळीला कधी आहे?" आमच्या घरापासून ते स्टेडियम टॅक्सीनं पंधरा मिनिटांवर आहे. तारीख कळली की तिकिटं मी लगेच काढतो. माझं, बाबांचं आणि मेहुण्याचं.

आपला,
डिलाइल रोडवरचा एक कबड्डीप्रेमी